दुधाचा दांत आणि डोळ्याची कड

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा पेंच उद्भवला. धाकट्या नातवाचा पुढचा दांत पडला. दांत पडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. सहाव्या-सातव्या वर्षीं तो पडावयाचाच. परंतु पडलेल्या दांताचें करावयाचें काय, ह्यावरून घरांत दोन पक्ष झाले. आजीचें म्हणणें, शेणाच्या गोळ्यांत घालून तो कौलांवर टाकावा, नाहीं तर उंदराच्या बिळाशीं ठेवावा, म्हणजे नवा दांत उंदराच्या दांतासारखा बळकट येतो. आतां तळोज्याच्या ज्या नव्या वसाहतींत आम्ही राहतों, तेथें सातव्या मजल्यावर कौलें कोठलीं आणि शेण तरी कोठलें! उंदीर मात्र आहेत.

दुसरा पक्ष सूनबाईचा. तिच्या हातीं एक गुळगुळीत छापील पत्रक होतें. त्यांत लिहिलें होतें कीं, दुधाच्या दांताच्या गरांत 'मूलपेशी' असतात. दांत पडतांच तो आमच्या स्वाधीन करा, आम्ही त्या पेशी वर्षानुवर्षें गोठवून ठेवूं. पुढें तुमच्या मुलाचा डोळा अधू झाला, दांत गेला, हाड झिजलें, तर ह्याच पेशींपासून तें तें अंग पुनः उगवितां येईल. ह्यासाठीं आरंभीं एक मोठी रक्कम आणि पुढें दरवर्षीं ठराविक वर्गणी. ती मोठी रक्कम म्हणजे जवळजवळ तेवढीच, जेवढी थोरल्या नातीच्या पुढील शिक्षणासाठीं आम्हीं बाजूला काढून ठेविली आहे.

"बाबा, पैशांचें पुढें पाहूं," सूनबाई म्हणाली, "पण हें खरें आहे कीं नाहीं, तेवढें तुम्ही सांगा. उद्यां ह्याला कांहीं झालें आणि आपण दांत टाकून दिला असें व्हायला नको."

आईच्या ह्या भीतीला हंसून उडवून लावणें हा शहाणपणा नव्हे. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मी संस्कृतचा मास्तर. शास्त्रीय विषयांतील माझा अधिकार मॅट्रिकपुरता. परंतु वाचतां येतें आणि विचारतां येतें, एवढ्या भांडवलावर जें हातीं लागलें तें येथें मांडतों. असलें पत्रक आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आलें असेल, नसेल तर येईल.

पत्रकांत पहिला मान डोळ्याला दिलेला होता, म्हणून मीहि तेथूनच आरंभ केला. तसें करण्यास दुसरेंहि कारण होतें. तळोजा हें आतां रासायनिक कारखान्यांचें गांव झालें आहे. २०१७ सालच्या ऑगस्टांत येथील भटकीं कुत्रीं रंगमिश्रित सांडपाण्यामुळें निळीं दिसूं लागलीं होतीं, हें वर्तमानपत्रांवरून वाचकांस आठवत असेल. कुत्र्यांचा रंग धुऊन निघाला. परंतु जेथें अशीं द्रव्यें हाताळलीं जातात तेथें माणसांच्या डोळ्यांस धोका आहेच. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यांत कामाला असतांना कॉस्टिक सोड्याचें द्रावण त्याच्या उजव्या डोळ्यांत उडालें. डोळा जेमतेम दोन ओंजळी पाण्यानें धुतला गेला, आणि घरीं आल्यावर आईनें मायेनें त्यांत साजूक तूप सोडलें. त्या तुपानें डोळा वांचला तर नाहींच, पण धुण्याचा अमोल वेळ मात्र गेला.

क्षार हा आम्लाहून डोळ्यास बहुधा अधिक घातक असतो, ही गोष्ट मला ह्या निमित्तानें प्रथम कळली. आम्ल पृष्ठभागावरील प्रथिनें गोठवितें आणि तें गोठलेलें कवचच त्याला पुढें जाण्यास कांहीं अंशीं अडवितें. क्षार मात्र पेशींच्या आवरणांतील स्निग्धांशाचा साबण करीत करीत आंत शिरत जातो. ह्या विद्यार्थ्याला पुढें नेत्रदानांतून मिळालेलें स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील कांचेसारखें पारदर्शक पटल, बसविण्यांत आलें. कांहीं महिने बरें गेले, आणि पुनः त्यावर लालसर पडदा चढला. मला भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, दुसऱ्याचा डोळा आणून बसविला, तोहि नासका निघाला कीं काय?"

डोळा नासका निघाला नव्हता. उत्तर डोळ्याच्या कडेंत होतें.

आपल्या डोळ्याचें स्वच्छमंडल मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतें आणि त्यांत रक्तवाहिनी एकहि नसते. तशी असती तर आपणांस तिच्या जाळ्यांतूनच जग पाहावें लागलें असतें. त्याच्या पृष्ठावरील पेशींचा थर सारखा झिजत असतो आणि आठ-दहा दिवसांत तो जवळजवळ सबंध नवा होतो. हा नवा माल येतो कोठून? काळें बुबुळ आणि पांढरा भाग जेथें मिळतात, तेथें एक-दोन मिलिमीटर रुंदीची एक वर्तुळाकार कड आहे. मूलपेशींचें वास्तव्य त्या कडेंत असतें. मूलपेशी म्हणजे विरजणच म्हणाना. गृहिणी रोज दहीं वाढते, पण चमचाभर विरजण ठेवल्याखेरीज भांडें धूत नाहीं. तसेंच ही पेशी एकीकडे कामकरी पेशी निर्माण करते आणि दुसरीकडे आपल्यासारखीच एक मूलपेशी मागें ठेविते. कडेवरून नव्या पेशी मध्याकडे सरकत येतात आणि पडदा ताजा राहतो. क्षारानें ही कड जळाली कीं विरजण संपलें. मग पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्यांसह असलेली त्वचा बुबुळावर चढूं लागते. अशा वेळीं मृताचें स्वच्छमंडल आणून मध्यें बसविणें म्हणजे नवें भांडें आणून त्यांत दूध ओतण्यासारखें आहे. विरजण नाहीं, तर दहीं कशाचें?

येथें संस्कृतच्या मास्तराला थोडी मोकळीक हवी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनीं होतो. तेथें ७६ नेत्ररोग गणिलेले आहेत. त्याआधीं डोळ्याचीं पांच मंडलें आणि सहा संधि सांगितले आहेत. त्या सहांपैकीं एका संधीचें नांव शुक्लकृष्णगत संधि, अर्थात् पांढरें आणि काळें जेथें मिळतें ती जागा. आजचे नेत्रवैद्य ज्या कडेसाठीं इतका खटाटोप करितात, ती नेमकी हीच. हें वाचून मला आनंद झाला, तो मी लपवीत नाहीं. परंतु आमच्या कांहीं मित्रांप्रमाणें "पाहा, मूलपेशी आमच्या ऋषींना ठाऊकच होत्या!" असें मात्र मी म्हणणार नाहीं. सुश्रुतांनीं ती जागा वेगळी ओळखून तिला नांव दिलें, हें त्यांच्या डोळस निरीक्षणाचें श्रेय आहे. त्या जागेचें काम काय, हें कळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र आणि विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. श्रेय जेवढें असेल तेवढेंच द्यावें, म्हणजे तें टिकतें.

मनुष्याच्या डोळ्यावर स्वच्छमंडलाचें कलम प्रथम यशस्वी झालें तें ७ डिसेंबर १९०५ रोजीं, मोराव्हियांतील ओल्मूट्झ नगरांत (आज तें चेक देशांत असून त्यास ओलोमोउट्स म्हणतात). वैद्याचें नांव एडुआर्ड त्सिर्म आणि रोग्याचें आलोइस ग्लोगार. योगायोग पाहा: ग्लोगार हा मजूर होता आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेंच भाजले होते. दुखापतीमुळें ज्याचा डोळा काढावा लागला अशा एका ११ वर्षांच्या मुलाचें स्वच्छमंडल त्याला बसविलें. एका डोळ्यांतील कलम वाया गेलें, दुसऱ्यांतील टिकलें. त्याची कड पुरती जळाली नसावी, असा आजच्या ज्ञानावरून तर्क होतो.

कडच जळालेल्या डोळ्यांसाठीं मार्ग निघाला तो पुढें नव्वद वर्षांनीं. इटलींत ग्रात्सिएला पेल्लेग्रीनी व मिकेले दे लूका ह्यांनीं १९९७ सालीं दोन रुग्णांच्या दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेंतून अगदीं बारीक तुकडा घेतला, त्यांतील पेशी प्रयोगशाळेंत वाढविल्या आणि तो थर अधू डोळ्यावर बसविला. २०१० सालीं त्याच देशांतून ११२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ७६ हून अधिक डोळ्यांत पृष्ठभाग कायमचा पूर्ववत् झाला होता. २०१५ सालीं 'होलोक्लार' ह्या नांवानें ह्या उपचारास युरोपांत सशर्त मान्यता मिळाली.

वाचकांस वाटेल, हें सारें परदेशचें. तसें नाहीं. आमच्या ह्याच नव्या मुंबईत, रबाळे येथें, रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या प्रयोगशाळेनें 'रेलिनेत्र' ह्या नांवानें अशाच तऱ्हेचा, रुग्णाच्या स्वतःच्या कडेंतील पेशी वाढवून केलेला थर तयार केला होता. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंत तर ह्या विद्येची मोठी परंपराच झाली आहे. तेथील डॉ. वीरेंद्र संगवान व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०११ सालीं २०० डोळ्यांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यांपैकीं १४२, म्हणजे शेंकडा ७१, यशस्वी होते. उरलेल्या ५८ डोळ्यांचाहि आंकडा त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें छापला आहे. आमच्या पत्रकांत असा एकहि आंकडा नव्हता, हें मी सूनबाईच्या नजरेस आणलें.

पुढच्याच वर्षीं, २०१२ सालीं, त्याच मंडळींनीं आणखी एक सोपी युक्ति प्रसिद्ध केली, आणि ती मला सर्वांत आवडली. प्रयोगशाळाच नको! निरोगी डोळ्याच्या कडेंतून दोन मिलिमीटर लांब व तितकाच रुंद, तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यावयाचा. त्याचे आठ-दहा कण करावयाचे. प्रसूतीनंतर टाकून देण्यांत येणाऱ्या वारेचें जें पातळ, पारदर्शक आवरण असतें तें अधू डोळ्यावर पसरून त्यावर हे कण रोपांसारखे अंतराअंतरानें चिकटवावयाचे. रोपें तेथेंच, डोळ्याच्याच वाफ्यांत, फुटतात. एकाच बैठकींत काम होतें आणि खर्च पुष्कळ कमी येतो. माझ्या विद्यार्थ्यावर शेवटीं परगांवीं हीच शस्त्रक्रिया झाली. आज तो त्या डोळ्यानें पुस्तक वाचूं शकत नाहीं, परंतु येणाऱ्या बसवरील पाटी वाचतो आणि समोरून कोण येत आहे हें ओळखतो.

ह्या सर्व हकीकतींत एक गोष्ट मीं घरांत मुद्दाम सांगितली. बी आणलें तें त्याच डोळ्याच्या जोडीदाराकडून, आणि गरज पडली त्या दिवशीं. बालपणापासून कोणाच्या पेढींत कांहीं ठेवावें लागलें नाहीं.

"आणि दोन्ही डोळे गेले असले तर?" सूनबाईनें विचारलें. प्रश्न रास्त होता. तशा वेळीं तोंड डोळ्याच्या मदतीस धांवतें. २००४ सालीं जपानांत निशिदा ह्यांनीं गालाच्या आंतील त्वचेच्या पेशी वाढवून त्यांचा थर चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसविला व त्यांची दृष्टि सुधारली. त्याच निशिदांच्या मंडळींनीं २०२४ सालीं, परक्या मनुष्याच्या पेशींना प्रयोगशाळेंत मूलावस्थेस नेऊन, त्यांपासून केलेले थर आणखी चौघांच्या डोळ्यांवर बसविल्याचें प्रसिद्ध केलें. चारांवरून नियम ठरत नाहीं. पण वाट दिसते.

आणि जेथें डोळा अगदीं कोरडा पडला आहे, कोणतेंच कलम जगत नाहीं, तेथें डोळ्यांत दांत बसवितात! हें वाक्य मीं उच्चारलें तेव्हां आजीनें जप थांबविला. पण गोष्ट खरी आहे. इटलींतील स्ट्रांपेल्ली ह्यांनीं १९६३ सालीं ही क्रिया प्रथम सांगितली. रुग्णाचा एक सुळा मुळासकट आणि भोंवतालच्या हाडासकट काढावयाचा, त्याची चकती करून तिला भोक पाडावयाचें, त्यांत एक नळीसारखें भिंग बसवावयाचें. ही चकती गालांत कातडीखालीं कांहीं महिने पुरून ठेवितात. तिच्याभोंवतीं मांस व रक्तवाहिन्या वाढल्या कीं ती काढून डोळ्यांत बसवितात आणि वरून गालाच्या आंतील त्वचा पांघरतात. मनुष्य त्या भिंगांतून पाहतो. परकें द्रव्य शरीर बाहेर टाकतें. स्वतःचा दांत टाकीत नाहीं, एवढेंच ह्यामागील तत्त्व. चेन्नईच्या शंकर नेत्रालयांत ही शस्त्रक्रिया केली जाते. कॅनडांत ती २०२५ च्या फेब्रुवारींत प्रथम झाली. मात्र हें सुतारकाम आहे, शेती नव्हे. दांत येथें चौकटीचें काम करितो. त्यांतून डोळा उगवत नाहीं. शिवाय त्याला मोठ्या माणसाचा पक्का सुळाच लागतो. दुधाच्या दांताचा येथें कांहीं उपयोग नाहीं.

आतां दांत. पत्रक अगदींच खोटें होतें असें नाहीं, आणि अर्धसत्याची पंचाईत हीच असते. दुधाच्या दांताच्या गरांत मूलपेशी असतात हें सत्य आहे. अमेरिकेंत साँगटाओ शी नांवाच्या संशोधकाच्या सहा वर्षांच्या मुलीचा दांत पडला; त्यांत थोडा लाल गर शिल्लक आहे असें बापाच्या लक्षांत आलें, आणि त्यावरून २००३ सालीं हा शोध लागला. पण एका पडलेल्या दांतांतून रुजणाऱ्या पेशी किती? अवघ्या बारा ते वीस. शिवाय त्याच शी ह्यांनीं ग्राँथोस ह्यांच्यासह तीन वर्षें आधीं, २००० सालीं, मोठ्या माणसाच्या अक्कलदाढेंतहि अशा पेशी दाखविल्या होत्या. ह्याचा अर्थ असा कीं, दुधाचा दांत टाकला म्हणजे संधि कायमची गेली, ही भीति निराधार आहे. आमच्या नातवाला अक्कलदाढा यावयाच्या आहेत. अक्कलहि.

त्या पेशींनीं डोळा बरा होतो काय? २०१५ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें संशोधकांनीं दांताच्या गरांतील पेशींपासून स्वच्छमंडलाच्या आंतील पेशींसारख्या पेशी तयार केल्या आणि त्या डोळ्यांत घातल्या. डोळे उंदरांचे होते. आणि दांत, लक्षांत ठेवा, मोठ्या माणसांच्या अक्कलदाढा होत्या. दांत दुरुस्त होतो काय? येथें थोडें अधिक सांगण्यासारखें आहे. चीनमधील शिआन येथें ४० मुलांवर प्रयोग झाला व तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. आपटल्यामुळें ज्यांच्या नव्या पक्क्या दांताचा गर मेला होता, अशा ३० मुलांना त्यांच्याच दुधाच्या दांतांतील पेशी त्या दांतांत भरल्या. पुढें तेथें रक्तवाहिन्यांसह व संवेदनेसह गर पुनः निर्माण झाला. हें काम चांगलें आहे आणि आशेला जागा आहे. पण हा झाला एका दांताचा गर. सबंध दांत नव्हे.

सबंध दांत उगविण्याचा प्रयत्न जपानांत क्योटो येथें चालला आहे. ताकाहाशी ह्यांना असें आढळलें कीं शरीरांतील एक प्रथिन दांतांची वाढ रोखून धरतें. तें प्रथिन निष्प्रभ केल्यास उंदरांना जादा दांत येतात. २०२४ च्या शरदांत त्या औषधाची माणसांवरील पहिली पायरी सुरू झाली: ३० ते ६४ वर्षांचे, निदान एक दांत नसलेले ३० पुरुष. पहिल्या पायरीचा हेतु औषध निर्धोक आहे कीं नाहीं एवढेंच पाहण्याचा असतो. आणि गंमत अशी कीं, ह्यांत साठविलेल्या पेशींचा संबंधच नाहीं. औषध टोंचून द्यावयाचें आहे.

दांत डोळ्याहून हट्टी कां, हेंहि पाहण्यासारखें आहे. दांतावरील चकचकीत कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, तें शेंकडा ९६ खनिजाचें असतें. आणि तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांना नष्ट होतात. कारागीर घर बांधून निघून गेला; भिंत खचली तर हांक कोणाला मारणार? डोळ्याचे कारागीर मात्र कडेवर जन्मभर मुक्कामास असतात. उंदराची गोष्ट निराळी. त्याच्या पुढच्या दांताच्या मुळाशीं मूलपेशी आयुष्यभर जिवंत राहतात, म्हणून तो दांत सारखा वाढतो व कुरतडून झिजवावा लागतो. आजीनें दांतासाठीं देव न शोधतां उंदीर शोधला, ह्यांत निरीक्षण आहे, हें मीं मोकळ्या मनानें कबूल केलें. त्या दिवशीं मला चहा दोनदां मिळाला.

शेवटचा आधार सरकारी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१७ सालीं मूलपेशींविषयीं राष्ट्रीय नियमावली प्रसिद्ध केली. तींत नाळेंतील रक्ताखेरीज इतर कोणताहि जिन्नस, दांताचा गर धरून, धंद्यासाठीं सांठवून ठेवण्यास परवानगी दिलेली नाहीं. त्याच्या उपयोगास शास्त्रीय पुरावा नाहीं असें कारण दिलें आहे. हें वाचून दाखविल्यावर चिरंजीवांनीं पत्रक घडी करून बाजूला ठेविलें. सूनबाई मात्र म्हणाली, "म्हणजे डोळ्यासाठीं आपण करण्यासारखें कांहींच नाहीं?"

आहे, आणि तें लाजिरवाणें आहे, कारण तें माझ्याच पानाच्या डब्यांत होतें. आपल्या देशांत लहान मुलांच्या डोळ्यांत क्षार जाण्याचें एक मोठें कारण कारखाना नव्हे, तर खाण्याचा चुना आहे. चुन्याची पुडी मूल दाबतें, ती फुटते आणि पिचकारी सरळ डोळ्यांत जाते. हैदराबाद व दिल्ली येथील नेत्रवैद्यांनीं हें पुनःपुनः नोंदविलें आहे. तसें झाल्यास तूप, दूध, मध, लिंबू कांहीं घालूं नये. जें स्वच्छ पाणी हातीं असेल त्याच्या धारेखालीं पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास डोळा धुवावा, चुन्याचे कण ओल्या कापडानें टिपून काढावे, आणि मगच वैद्याकडे धांवावें. वैद्य शोधण्यांत धुण्याचा वेळ दवडूं नये.

चुन्याची डबी आतां स्वयंपाकघरांतील सर्वांत वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागें गेली आहे. पान खावयाचें झालें तर मला स्टूल लागतें, आणि स्टुलावर चढूं नये अशी सूनबाईची ताकीद आहे. थोरल्या नातीची रक्कम जागच्या जागीं आहे. दांत आजीनें तुळशीच्या कुंडींत पुरला. नातू रोज सकाळीं उठून आरशापुढें उभा राहतो. परवां त्याला हिरडींत पांढरी धार दिसली.